कागद कोणी लिहिला, कोणासाठी?

चीनबद्दल वाचायचे आहे, सुरुवात कुठून करू, असे कोणी विचारले की मी लहान पुस्तकाचे नाव सांगतो. पानांनी लहान असे नव्हे, आवाक्याने लहान. एका तालुक्याचे, एका वर्षाचे, एका अफवेचे. पाच हजार वर्षे एका खंडात बसवणारे इतिहास बाजारात भरपूर आहेत. ते वाचून घराण्यांची नावे आणि सनावळ्या ध्यानात राहतात, पण ज्याचे नाव घेऊन रडावे किंवा चिडावे असा माणूस त्यांत क्वचितच भेटतो. चीन जग जिंकणार की कोसळणार हे सांगणाऱ्या पुस्तकांची चळत तर दरवर्षी वाढते आणि दरवर्षी शिळीही होते. चौकट म्हणून एक मोठे पुस्तक जवळ असावे. त्यासाठी जोनाथन स्पेन्स यांचे १९९० चे ‘द सर्च फॉर मॉडर्न चायना’ पुरेसे आहे. मिंग घराण्याच्या उतरत्या काळापासून ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणते आणि उत्तम लिहिलेले आहे. पण ते हाताशी ठेवून वाचायची पुस्तके वेगळी.

अशी आवाक्याने लहान पुस्तके चीनबद्दल लिहिता येतात, कारण त्या राज्यव्यवस्थेने दोन हजार वर्षे कागद लिहिले आणि जपले. दरबारात रोजच्या नोंदी होत. एक घराणे बुडाले की पुढच्याने त्याचा अधिकृत इतिहास लिहवून घ्यायचा, हा रिवाज होता. जिल्ह्याजिल्ह्यातले अधिकारी आणि विद्वान आपापल्या मुलखाची इतिवृत्ते तयार करत. त्यांत नद्या, पिके, पूर, करांचे आकडे, पतिव्रतांच्या याद्या, सगळे असे. बीजिंगच्या पहिल्या ऐतिहासिक अभिलेखागारात आज मुख्यतः छिंग या मांचू घराण्याच्या काळातले सुमारे १ कोटी कागद आहेत. पण हे कागद राज्याने स्वतःसाठी लिहिले. म्हणून चीनवरचे कोणतेही पुस्तक हातात घेतले की मी आधी पाहतो, ते कोणाच्या कागदांवर उभे आहे आणि लेखक त्या कागदांपुढे मान तुकवतो की त्यांची उलटतपासणी घेतो.

या परंपरेच्या उगमाशीच एक जखम आहे. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास हान सम्राट वू याच्या दरबारात सिमा छिएन हा अधिकारी होता. चीनचा आरंभापासूनचा इतिहास लिहिण्याचे काम त्याच्या वडिलांनी हाती घेतले होते आणि मरताना मुलाकडून ते पुरे करण्याचे वचन घेतले होते. ली लिंग नावाचा सेनापती शत्रूच्या हाती सापडून शरण गेला, तेव्हा सगळा दरबार त्याच्यावर तुटून पडला. सिमा छिएन त्याच्या बाजूने बोलला. सम्राटाचा कोप झाला. अशा वेळी मानी माणसाने जीव द्यावा, ही रीत होती. ग्रंथ अपुरा होता म्हणून त्याने पुरुषत्व गमावण्याची शिक्षा पत्करली, अपमान सोसत जगला आणि १३० प्रकरणांचा ‘शी-जी’ पूर्ण केला. राजांच्या जोडीने मारेकरी, व्यापारी, विदूषक यांनाही त्याने त्यात जागा दिली. बर्टन वॉटसन यांच्या इंग्रजी भाषांतरात यातली चरित्रे वाचता येतात. राजाच्या पदरी राहून राजाबद्दल खरे कसे लिहायचे, हा प्रश्न त्या देशातल्या इतिहासकाराला तेव्हापासून चिकटला आहे.

आपला एक कागदही याच दफ्तरातला आहे. युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला, पुलकेशीचे राज्य त्याने पाहिले, इथली माणसे मानी, उपकाराला जागणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत असे लिहिले. हा उतारा आपण शाळेपासून प्रशस्तिपत्रासारखा वाचत आलो. पण ६४६ मध्ये पूर्ण झालेला तो ग्रंथ तांग सम्राट ताय-त्सुंग याच्या सांगण्यावरून तयार झाला होता. पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती सम्राटाला हवी होती. राजा किती बलवान, सैन्य कसे, जमीन कशी, लोक कसे, हे मुद्दे राज्याराज्यागणिक त्याच क्रमाने का येतात, ते यावरून कळते. प्रवासी श्रद्धाळू भिक्खू होता आणि वाचक सत्ताधीश होता. दोघांचीही नजर त्या मजकुरात आहे.

आता मी ज्या पुस्तकासाठी आग्रह धरतो त्याकडे येतो. स्पेन्स यांचेच १९७८ चे ‘द डेथ ऑफ वूमन वांग’. शांतुंग प्रांतातला थानचंग नावाचा गरीब जिल्हा. सतराव्या शतकात तिथे दुष्काळ, टोळधाड, बंड, १६४३ मध्ये मांचू फौजेची लूट असे एकामागून एक येत गेले, आणि १६६८ च्या जुलैत भूकंपाने उरलेसुरले पाडले. १६७० मध्ये हुआंग लिउहोंग हा दंडाधिकारी म्हणून आला. कर वसूल व्हायला हवा आणि देणाऱ्यांकडे काही नाही, अशी त्याची अवस्था. या जिल्ह्यात रेन नावाच्या मजुराची बायको एका पुरुषाबरोबर पळून गेली. त्याने तिला वाटेत सोडले. ती परत आली, आधी देवळाच्या आश्रयाला आणि मग नवऱ्याच्या झोपडीत. १६७२ च्या हिवाळ्यात, बर्फ पडत असलेल्या एका रात्री नवऱ्याने तिचा गळा दाबला आणि आळ शेजारी गाओवर घेतला. हुआंगने तपास केला, खोटे उघडे पाडले. खोट्या आरोपाबद्दल रेनला मृत्युदंड होऊ शकत होता. पण बायको बदफैली होती, बाप म्हातारा होता, वंशाला दुसरे कोणी नव्हते, म्हणून फटक्यांवर भागले. मेलेल्या बाईचे भूत गावाला छळेल या भीतीने तिला चांगल्या शवपेटीत पुरायचे ठरले. खर्च गाओवर टाकला, कारण भांडणात त्याने रेनच्या तोंडात मारली होती!

या बाईचे नाव कोणत्याही कागदात नाही. वांग हे तिच्या बापाचे आडनाव. तिच्याबद्दलची एवढी तरी माहिती उरली, कारण हुआंगने पुढे अधिकाऱ्यांसाठी कारभाराचे मार्गदर्शन करणारा ग्रंथ लिहिला आणि त्यात हा खटला नमुना म्हणून घातला. स्पेन्स तीन गोष्टी शेजारी मांडतात: हा ग्रंथ, थानचंगचे इतिवृत्त आणि त्याच प्रांतात राहणाऱ्या फू सोंगलिंग या कथाकाराच्या अद्भुत कथा. इतिवृत्तात पतिव्रतांच्या नोंदी आहेत, दंडाधिकाऱ्याकडे कायदा आहे, भीती, वासना आणि स्वप्ने मात्र कथाकाराकडे आहेत. शेवटच्या रात्री झोपेत वांगच्या मनात काय चालले असेल, ते स्पेन्स फू सोंगलिंगच्या प्रतिमा जुळवून लिहितात. इतिहासकाराने असे करावे का, यावर आक्षेप घेतले गेले. मला ती पाने योग्य वाटतात. आपण काय करतो आहोत हे लेखकाने लपवलेले नाही, आणि त्या पानांशिवाय ही बाई फक्त पुरावा म्हणून उरली असती.

फिलिप कून यांचे ‘सोलस्टीलर्स’ (१९९०) याच्या उलट टोकाने, सिंहासनाकडून सुरू होते. १७६८ मध्ये चजियांग प्रांतात पुलाच्या खांबांसाठी खुंट ठोकणाऱ्या गवंड्यांबद्दल अफवा उठली. कागदावर नाव लिहून तो खुंटाबरोबर ठोकला की त्या माणसाचा आत्मा चोरला जातो म्हणे. पाठोपाठ कोणी भोंदू लोकांच्या वेण्या कापून आत्मे चोरतात, अशी बातमी प्रांतोप्रांती पसरली. वेणी हे मांचू सत्तेपुढे मान झुकवल्याचे चिन्ह होते, तेव्हा छिएनलाँग सम्राटाला त्यात राजद्रोह दिसला. भिकारी आणि भटके भिक्षू धरले गेले, छळ झाला, काही कोठडीत मेले, कबुलीजबाब मिळाले आणि बीजिंगला फेरतपासणी होताच ते सगळे खोटे ठरले. वर्ष संपण्याआधी मोहीम गुंडाळली गेली. कून यांनी अधिकाऱ्यांची पत्रे आणि त्यांवर सम्राटाने लाल शाईत केलेले शेरे एकेक करून वाचले आहेत. सुभेदार सम्राटाच्या संशयाला उघड विरोध करत नाहीत. ते उशिरा उत्तर देतात, भलत्याच मुद्द्यावर तत्परता दाखवतात, शेजारच्या प्रांताकडे बोट दाखवतात. सम्राट चिडून लाल शाईत त्यांना झापतो. एवढा सर्वसत्ताधीश माणूस आपल्याच नोकरशाहीपुढे किती हतबल असतो, हे मला दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात इतके स्पष्ट दिसलेले नाही. आजच्या चीनबद्दल बोलणाऱ्यांनी तर हे वाचावेच.

रे हुआंग यांचे ‘१५८७, अ इयर ऑफ नो सिग्निफिकन्स’ १९८१ मध्ये आले. हुआंग तरुणपणी राष्ट्रवादी सैन्यात अधिकारी होते, पुढे अमेरिकेत इतिहासकार झाले. आपली बाजू का हरली, हा प्रश्न घेऊन ते मिंग काळाकडे गेले असावेत, असे मला पानोपानी वाटते. काही विशेष न घडलेले एक वर्ष त्यांनी निवडले. दुपारी दरबार भरणार अशी अफवा उठते, शेकडो अधिकारी धावतपळत राजवाड्यात जमतात, दरबार नसतोच, आणि त्यांचा दोन महिन्यांचा पगार कापला जातो. वानली सम्राटाला धाकट्या मुलाला वारस करायचे आहे, अधिकारी थोरल्यासाठी अडून बसतात, आणि तो अखेर दरबारात येणेच सोडून देतो. त्या वर्षी हाय रुई वारला. हा इतका सचोटीचा की अंत्यविधीपुरतेही पैसे मागे नव्हते. यानेच १५६६ मध्ये त्या वेळच्या सम्राटाची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. हुआंग त्याचा गौरव करून थांबत नाहीत. कर, कायदा, हिशेब यांच्या जागी नीतिमत्तेवर भिस्त ठेवणाऱ्या राज्यात असा माणूस शोभेचा होतो आणि निरुपयोगीही, असे ते दाखवतात. मला हे निदान थोडे एकांगी वाटते, पण त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

हाय रुई तिथे मात्र संपला नाही. मिंग काळाचे अभ्यासक आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान यांनी त्याच्यावर नाटक लिहिले. ते १९६१ मध्ये रंगभूमीवर आले. नोव्हेंबर १९६५ मध्ये शांघायच्या वृत्तपत्रात त्या नाटकावर टीका छापून आली आणि सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथून पडली. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात मरण पावले.

कागदांपलीकडचा चीन हवा असेल तर फेई शिआओथोंग यांचे यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यावरचे १९३९ चे ‘पेझंट लाइफ इन चायना’ आहे, लू शुन यांच्या कथा आहेत, आणि धीर असेल तर डेव्हिड हॉक्स व जॉन मिनफर्ड यांनी भाषांतरित केलेली ‘लाल महालातले स्वप्न’ ही १२० प्रकरणांची कादंबरी. मोठ्या घराण्यातले जेवणखाण, आजारपण, दासींचे रुसवे, पैशांची तंगी हे सगळे तिथे इतक्या बारकाईने आहे की तोड नाही.

यांग जिशंग यांचे ‘टूम्बस्टोन’ मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवे. यांग शिनहुआ या सरकारी वृत्तसंस्थेचे पत्रकार होते आणि कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. १९५९ च्या एप्रिलमध्ये ते शाळेत शिकत होते. बाप उपाशी मरतो आहे असा निरोप आला, तेव्हा थोडा तांदूळ घेऊन ते हुपे प्रांतातल्या गावी गेले. दारातल्या एल्म झाडाची साल लोकांनी खाण्यासाठी सोलून नेली होती. बापाला घास गिळवेना. तीन दिवसांत तो गेला. यांगना तेव्हा सरकारचा राग आला नाही. हे आपल्याच घरावर आलेले दुर्दैव आहे, असे त्यांना वाटले. देशभर काय घडले ते त्यांना खूप वर्षांनी कळले. मग नव्वदच्या दशकात धान्यधोरणाचा अभ्यास करतो आहे असे सांगून आणि आपल्या हुद्द्याचा आधार घेऊन त्यांनी प्रांतोप्रांतीची दफ्तरे उघडली. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी पक्षालाच पाठवलेल्या अहवालांतून १९५८ ते १९६२ या काळातले भूकबळी त्यांनी मोजले: सुमारे ३ कोटी ६० लाख. पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला निघाले. मुख्य भूमीवर त्यावर बंदी आहे.

त्यांच्या आकड्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. फ्रँक डिकोटर साडेचार कोटी म्हणतात, इतर काहींचा अंदाज बराच कमी आहे. वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि कोणी कोणत्या प्रांताचे दफ्तर पाहिले ते तळटिपांत शोधावे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यातली बरीच दफ्तरे अभ्यासकांना पुन्हा बंद झाली आहेत. यांग यांच्या हुद्द्याचा माणूस आज तीच परवानगी मागायला गेला, तर त्याला ते कागद मिळण्याची आशा फार थोडी.