माळवदावरची माती

तेरणा नदीच्या काठच्या एका गावात एक सुतार राहत होता. बैलगाड्या, तिफणी, दारांच्या चौकटी अशी त्याची कामं. हात सावकाश चालायचा, पण त्यानं केलेला जोड कधी निखळत नसे.

गावातली बहुतेक घरं माळवदाची होती. अडीच-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि सगळ्यात वर माती. उन्हाळ्यात घर थंड राहायचं, थंडीत उबदार. दरवर्षी मृगाच्या आधी घरची माणसं वर चढत, मातीचा नवा थर पसरत आणि बडवून बसवत. गळती थांबायची. आजोबांच्या मातीवर बापानं माती टाकली, बापाच्या मातीवर पोरानं. खाली कुणीच काही उतरवलं नाही.

1992 च्या पावसाळ्यात त्या भागात जमिनीतून गुडगुड ऐकू येऊ लागली. रात्री फळीवरची भांडी वाजायची. ऑक्टोबरात एक मोठा धक्का बसला आणि किल्लारीच्या आसपास कितीतरी भिंतींना भेगा गेल्या. लोक अंथरुणं घेऊन अंगणात आले, शेतात गेले. मग थंडी पडली, धक्के विरळ झाले आणि एकेक घर पुन्हा आत झोपू लागलं. सुतारही बायकोपोरांना घेऊन आत आला.

त्याच्या घराच्या कोपऱ्यात भेग पडली होती. एके दिवशी ती बुजवायला म्हणून तो चिखल घेऊन बसला आणि भेगेत हात घालून पाहू लागला. हात कोपरापर्यंत आत गेला. भिंतीचा बाहेरचा पदर वेगळा होता, आतला वेगळा, आणि मधे नुसते गोल गोटे आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा, आरपार गेलेला एकही लांब दगड त्याला सापडला नाही. आयुष्यभर तो लाकडाला लाकूड धरून ठेवायचं कसं, एवढाच विचार करत आला होता. तो बायकोला म्हणाला, "ही एक भिंत न्हाई गं. दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या हायत."

मग तो माळवदावर चढला आणि पहारीनं भोक पाडून मातीत काठी घातली. काठी दोन फूट खाली गेली, तेव्हा कुठे फळीला टेकली.

दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे नऊ-दहा टन वजन. सुताराला टनांचा हिशेब येत नव्हता, पण गाडीत किती माल बसतो ते त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं माती उतरवायला सुरुवात केली. थोरला पोरगा घमेली खाली द्यायचा आणि गाड्या मोजायचा. एका खोलीवरून बारा गाड्या निघाल्या. बारा भरलेल्या गाड्यांखाली आपण इतकी वर्षं झोपत होतो, हे पोराच्या ध्यानात आलं आणि तो त्या रात्री अंगणातच झोपला.

सुतारानं वर वीतभर माती ठेवली, तिच्याखाली खताच्या पोत्यांचा प्लॅस्टिकचा कागद शिवून घातला. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंनी तिरपे लाकडी टेकू ठोकले, म्हणजे घर हललं तरी खांब तुळईतून निसटू नये. माळ्यावरचं जातं खाली आणलं. पितळेचे हंडे फळीवरून जमिनीवर आले. अंथरुणं भिंतीपासून दूर, खांबांच्या मधोमध आली. बाभळीच्या जाड पायांचा एक माचा त्यानं केला आणि मधल्या खांबाला लावून ठेवला. उशाशी बॅटरी, पायाशी चपला.

घरापुढचा बोळ अरुंद होता. समोरासमोरच्या दोन भिंतींत बैलगाडी जेमतेम जायची. त्यानं पोरांना बजावलं, "जमीन हलली तर बोळात पळायचं न्हाई. दोन्हीकडच्या भिंती तिथंच येतात. माच्याखाली शिरायचं, डोकं झाकायचं, खांबाला धरायचं. हलायचं थांबलं की मग बाहेर, आणि थेट खळ्यावर." कधी जेवताना, कधी झोपताना तो अचानक चौकटीवर हातोडा आपटायचा आणि पोरं हसत माच्याखाली शिरायची. धाकटीला तो खेळ फार आवडायचा. थोरल्याला लाज वाटायची.

गावात हसू झालं. "सुतारानं घर सोललं," असं लोक म्हणत. 1993 चा पाऊस सुरू झाला आणि पोत्यांचा कागद दोन ठिकाणी फाटला. घरात तीन पातेली मांडावी लागली. धान्य एका खोलीतून दुसरीत न्यावं लागलं. बायको रात्री उठून पातेली ओतायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "भूकंप कवा यायचा तवा येईल. पाऊस दरसाल येतोय."

सुताराकडे याला उत्तर नव्हतं. तो उठला आणि चौथं पातेलं मांडलं.

शेजारी एक म्हातारी राहायची. घरात मुलगा, सून आणि एक नात. सुतार तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "आक्का, तुमच्या माळवदाचीबी माती उतरवू का? मजुरी नगं. नुसतं हाताखाली माणूस द्या."

म्हातारीनं वर पाहिलं. "ती माती माझ्या सासऱ्यानं टाकलेली हाय. मालकानं टाकलेली हाय. तुझ्या घरात पाणी कसं पडतंय ते मी रोज बघते."

तो रोज जाऊन बसायचा. शेवटी त्याचं मन मोडू नये म्हणून ती म्हणाली, "सोप्यावरची काढ. तिथं मी एकलीच निजते. मी भिजले तर भिजले. माजघराला हात लावू नगंस. तिथं धान्य हाय, लेकरू हाय."

सुतारानं सोप्यावरची माती काढली, टेकू ठोकले. माजघर तसंच राहिलं.

सप्टेंबरात गणपती आले. 29 तारखेला विसर्जन झालं. पोरं रात्री उशिरापर्यंत लेझीम खेळली आणि दमून जिथे आडवी झाली तिथेच झोपली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली.

आधी आवाज आला. सुताराला जाग आली तेव्हा खांब करकरत होते. थोरल्या पोरानं झोपेतच धाकटीला माच्याखाली ओढलं आणि तिच्या डोक्यावर गोधडी टाकली. लाजायला त्याला वेळच मिळाला नाही. बायको दाराकडे धावली. सुतारानं तिचा हात धरून तिला खांबाशी खाली बसवलं. बाहेरची भिंत बोळात कोसळली. समोरच्या घराचीही कोसळली. आतल्या पदराचे दगड घरात आले आणि बाभळीच्या पायांवर आपटून थांबले. माळवद डोक्यावर हेलकावत राहिलं. एक मिनिटही झालं नसेल, सगळं थांबलं. धुळीनं श्वास कोंडला होता.

कोनाड्यातला दिवा अजून जळत होता. बायकोनं आधी तो विझवला. सुतारानं बॅटरी लावली, सगळ्यांनी पायांत चपला घातल्या आणि दगडांवरून एकामागे एक सगळे खळ्यावर आले. गाव जिथे होतं तिथे मातीचे ढीग होते. गावाच्या कडेला कुडाच्या झोपड्या होत्या. गावातली सगळ्यात गरीब घरं ती. त्यांतली बरीच उभी होती.

बायकोला दागिन्यांची पेटी आठवली. ती माघारी वळली. सुतार तिच्यापुढे आडवा उभा राहिला. त्यांचं बोलणं चालू असतानाच जमीन पुन्हा हलली आणि घराची मागची भिंत बसली. ती काही बोलली नाही. पेटी चार दिवसांनी मिळाली.

म्हातारीचा सोपा उभा होता. म्हातारी खांबाला टेकून बसली होती आणि माजघराकडे बोट दाखवत होती. माजघर नव्हतंच. तिथे तुळया, दगड आणि तीन पिढ्यांची माती होती.

लोक धावत ढिगावर चढू लागले. सुतारानं त्यांना खाली उतरवलं. "आत माणसं हायत. त्यांच्या अंगावर उभं राहू नका." त्यानं सगळ्यांना गप्प केलं, नाव घेऊन हाक मारली आणि कान लावला. पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला डाव्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला. मग त्यानं माणसांची ओळ लावली. बाजूनं माती उकरायची, घमेलं हातोहात मागे द्यायचं, चार हात आत गेलं की लाकडाचा टेकू द्यायचा आणि मगच पुढं सरकायचं. तो मधूनमधून सगळ्यांना थांबवायचा आणि आत बोलायचा. उजाडल्यावर नात निघाली. तिचा पाय मोडला होता. त्यानं तिला तशीच फळीवर घेतलं, फळीसकट बांधलं आणि मगच उचललं.

मुलगा आणि सून दुपारी निघाले. मातीनं नाकं-तोंडं भरली होती. अंगावर फारशी जखम नव्हती.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. पाऊस आला. लष्कर आलं. सरणासाठी लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया वापरल्या. 6.2 क्षमतेच्या त्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून 8 ते 10 हजार माणसं गेली. मग पत्र्यांच्या शेडमध्ये दिवस निघाले. सुताराच्या घराला तीन भिंती नव्हत्या, पण खांब आणि वरचं माळवद होतं. लोक येऊन ते बघून जात. कुणीतरी म्हणालं, "तुझं ऐकायला पायजे हुतं." त्यावर सुतार काही बोलला नाही. ज्या घरी दोन माणसं गेली, त्या घरी आपलं खरं ठरलं म्हणून काय सांगायचं?

एका संध्याकाळी म्हातारी त्याच्याजवळ येऊन बसली. नात तिच्या मांडीवर होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी पावसाला भ्याले, रं."

"समदेच भ्याले, आक्का," सुतार म्हणाला. "माझी बायकोबी भ्याली. मीबी दोनदा माती परत टाकाया निघालो हुतो."

पुढे सरकारनं जी गावं नवीन जागी वसवली नाहीत तिथल्या जुन्या घरांच्या बळकटीचं काम काढलं. सुतार त्यात गेला. माळवदं हलकी करणं, खांब-तुळईला तिरपे टेकू देणं, भिंतींतून आरपार लांब दगड घालणं, हे तो गावोगाव दाखवत हिंडला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचं, "आणि गळलं म्हंजे?" तो म्हणायचा, "गळंल. पातेलं ठिवा. कागद चांगला घ्या, माझ्यासारखा फाटका नगं." लपवाछपवी त्यानं केली नाही. काही घरांनी ऐकलं, काहींनी नाही.

गावातली माणसं बेफिकीर होती असं या गोष्टीवरून कुणी म्हणू नये. उलट ती फार काळजीची माणसं होती. काळजीनंच ती दरसाल माती वर नेत होती. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं आणि तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पाऊस दरवर्षी दारात येऊन विचारतो, घराची तयारी झाली का. भूकंप कधीच विचारत नाही, म्हणून त्याची तयारी पावसाच्या तयारीत गाडली जाते. सुतारानं केलं ते एवढंच, की न दिसणाऱ्या वजनासाठी दिसणारी गळती सोसली. ही सोपी गोष्ट नाही. तीन पातेली ओतत पावसाळा काढणाऱ्या बाईला विचारून पाहावं.

सुतार आता नाही. त्याच्या थोरल्या मुलाच्या मुलानं नांदेडकडे फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीकडे जमीन हलली. 4.5 क्षमतेचा धक्का होता. पडझड फारशी झाली नाही. पत्रे उडू नयेत म्हणून लोक त्यावर दगड ठेवतात, ते दगड काढून घ्या, असं प्रशासनानं सांगितलं. हा पोरगा दुकान उघडायच्या आधी शिडी घेऊन गल्लीत निघाला. कोपऱ्यावर एक बाई राहायची. तिच्या पत्र्यावर डोक्याएवढे अकरा दगड होते.

"काढू का मावशी?"

"काढशील, आन् वळवाचं वारं सुटल्यावर पत्रे तूच धरून बसशील का?"

"वारं येणारच की. हुक मारून देतो. कडेच्या पत्र्यांना जास्त."

"पैसे?"

"दगड उतरवायचे काही नाहीत. हुकाचे घेईन."

बाई विचारात पडली. मार्चचा शेवटचा आठवडा तोंडावर, पगार एक तारखेला. ती म्हणाली, "हुक एक तारखेला मार. दगड तवाच काढ."

"दगड आत्ताच काढतो," पोरगा म्हणाला. "तवर वारं आलं तर मला हाक मारा. मी खरंच पत्रे धरीन." आणि त्यानं शिडी भिंतीला लावली.