छप्पर उघडणारे चौघे



चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला प्रभूपुढे खाली सोडले (मार्क २:१-१२). घरमालक काय म्हणाला, हे मार्क सांगत नाही! प्रभूने मात्र त्यांची श्रद्धा पाहिली.

२०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली, २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. चांगलेच झाले. पण सवलत तिकिटाला मिळते, पायरीला नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगांसाठी सुलभ वाहतुकीची जबाबदारी सरकारवर टाकली. तरी कुबडीवाल्याला एस.टी.ची उंच पायरी चढायला कुणाचा तरी खांदा लागतोच. आणि गाडीच न पोहोचणाऱ्या पाड्यांचे काय?

आपण मिस्साला येतो, तेव्हा आपल्या गाडीतली किती आसने रिकामी असतात? आगारप्रमुखांना द्यायचा अर्ज आज दाराशी ठेवला आहे. सही करताना शेजारी कोण घरीच राहिले, तेही आठवू या.