मालिकेतील 'पाहण्याजोगे' : निवडीची नैतिकता आणि 'एलियन' चित्रपट

'पाहण्याजोगा' या शब्दातील 'जोगा' दिसतो तितका निरुपद्रवी नाही. 'चालण्याजोगा रस्ता' म्हणताना आपण रस्त्याची क्षमता सांगत असतो. 'सांगण्याजोगी गोष्ट' म्हणताना गोष्टीचे मोल सांगतो, तर 'तो आता कामाजोगा राहिला नाही' असे म्हणताना एका माणसाला उपयुक्ततेच्या मापाने मोजून बाजूला काढतो. क्षमता, मूल्य आणि उपयुक्तता हे तीन अर्थ एकाच शब्दात नांदत असल्यामुळे, एखाद्या चित्रपटमालिकेतील कोणते चित्रपट पाहण्याजोगे आहेत, हा वरकरणी सोयीचा प्रश्नही गुंतागुंतीचा होतो. 'एलियन' या विज्ञान-भयपटांच्या मालिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून नैतिकही आहे, असे येथे म्हणावयाचे आहे.

प्रथम, हा प्रश्न कोण विचारतो ते पाहिले पाहिजे. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावातून महाविद्यालयात रोज ये-जा करणारा आणि सुटीच्या दिवशी एखाद्या गोदामात काम करणारा विद्यार्थी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. एका पिढीपूर्वी भिवंडी-मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावांतील व्हिडिओगृहात जो भाग लागेल तो, क्रमाचा विचार न करता, पाहिला जाई; निवड परिस्थितीच करून टाकीत असे. आज अडचण उपलब्धतेची नाही, वेळेची आहे. १९७९ ते २०२४ या काळातील मालिकेचे सात मुख्य चित्रपट मिळून सुमारे चौदा तासांचे होतात. 'प्रिडेटर' मालिकेशी सांधलेले २००४ व २००७ मधील दोन चित्रपट आणि २०२५ मधील दूरचित्रवाणी मालिका यांत धरलेली नाही. या विद्यार्थ्याने 'यांतले कोणते पाहू?' असे विचारले, तर आपले उत्तर म्हणजे केवळ मत राहत नाही. त्याच्या परत न मिळणाऱ्या वेळेविषयी आपण घेतलेला तो निर्णय असतो.

या जबाबदारीतून सुटण्याच्या दोन वाटा आपल्या वाङ्मयव्यवहारात रूढ आहेत. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या बाबतीत दोन्ही वापरल्या गेल्या. शंभरांहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाच्या 'समर्थ' कथांपैकी कोणत्या वाचण्याजोग्या, हा प्रश्न प्रतिष्ठित समीक्षेने क्वचितच गांभीर्याने घेतला. कारण 'भयकथा' हे नाव उच्चारताच सर्वच कथा एका गठ्ठ्यात बांधून बाजूला ठेवता येत होत्या. उलट ग्रंथालयांतून ती पुस्तके अधाशीपणे नेणाऱ्या वाचकाला निवडीची गरजच वाटली नाही. त्याला सर्वच हवे होते. सरसकट नकार आणि सरसकट स्वीकार या परस्परविरोधी वाटणाऱ्या भूमिकांत एक साम्य आहे. दोन्हींत एकेका कृतीसमोर थांबून कारण देण्याचे श्रम टाळलेले असतात. 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचे समजल्यावर अनेकांनी धारप नव्याने उघडले. मूल्य तोवर कोठे गेले होते, असे नव्हे. निवडणारी नजर तेथवर गेली नव्हती.

मग कारण द्यावयाचे ते कोणत्या आधारावर? बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातून एक उत्तर मिळते. प्रत्येक कृती ही स्वतंत्र घाट आहे, संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी ती तपासावी, जी उतरेल ती ठेवावी. पहिला 'एलियन' (१९७९, दिग्दर्शक रिडली स्कॉट) या कसोटीवर सहज उतरतो. सात माणसांचे मालवाहू जहाज, एक मांजर, एच. आर. गीगर याच्या कल्पनेतून आलेला आणि बराच काळ अर्धवटच दिसणारा प्राणी, यांतील एकही घटक सैल नाही. परंतु मालिकेतील कृती या अर्थाने स्वायत्त नसते. तिच्या नायिकेची स्मृती, तिचे शत्रुत्व आणि तिचे शोक मागील भागातून आलेले असतात. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्याच्या संकल्पनेला अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे प्रतिपादन केले. मालिका ही वस्तूच अशी आहे, की ती यांपैकी एका ध्रुवावर स्थिर राहू शकत नाही. प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण होऊ पाहतो आणि त्याच वेळी शेजारच्या भागांशी व्यवहारात गुंतलेला असतो.

'भय किती वाटते?' ही एकच मोजपट्टी सर्व भागांना लावणे हीदेखील अशीच गफलत आहे. रसविचाराच्या परिभाषेत पाहिले तर या मालिकेत मुख्य रस बदलत जातो. पहिला चित्रपट भयानकाचा आहे. अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण म्हणून 'शाकुंतल'मधील बाणाच्या धाकाने पळणारा मृग घेतला, आणि तेथे भय कोणा एकाचे न राहता निखळ भय म्हणून प्रतीत होते, असे दाखविले. जहाजाच्या अंधाऱ्या बोळांतून जाणाऱ्या रिप्लीचे भय याच जातीचे आहे. जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स' (१९८६) भयानकाकडून वीराकडे वळतो. सत्तावन वर्षे झोपेत वाहत गेलेली रिप्ली सैनिकांच्या तुकडीबरोबर परत जाते आणि न्यूट या अनाथ मुलीला सोडविते. डेव्हिड फिंचरचा 'एलियन ३' (१९९२) करुणाचा, तर ज्याँ-पिएर जने याचा 'एलियन : रेसरेक्शन' (१९९७) मुख्यतः बीभत्साचा आहे. ही विभागणी काटेकोर नाही. परंतु 'दुसऱ्याइतका तिसरा थरारक नाही' हे विधान दोषदर्शक नसून केवळ वर्णनपर आहे, एवढे तिच्यामुळे स्पष्ट होते.

तिसऱ्या भागापाशी प्रश्न खऱ्या अर्थाने नैतिक होतो. दुसऱ्याच्या अखेरीस रिप्ली, न्यूट आणि हिक्स वाचलेले असतात. तिसऱ्याच्या आरंभीच न्यूट आणि हिक्स मेलेले आढळतात. दोन तास जिच्यासाठी आपण श्वास रोखून बसलो ती मुलगी एका अपघातात, आपल्यासमोर धड न येताच संपते. अनेकांनी या चित्रपटाला 'झालाच नाही' असे मानून मालिका दुसऱ्या भागापाशी थांबविली. स्वतः फिंचरनेही पुढे या चित्रपटाशी संबंध नाकारला. एखादी नंतरची कृती आधीच्या कृतीचा शेवट हिरावून घेऊ शकते काय? आणि तसे ती करीत असेल, तर तिच्याकडे पाठ फिरविण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे काय?

अधिकार आहे, असे म्हणावे लागते. कोणताही प्रेक्षक कोणत्याही निर्मितिगृहाचा बांधील नाही. परंतु अधिकार असणे आणि कारण असणे या भिन्न गोष्टी आहेत. 'मला ते दुःख नको' हे न पाहण्याचे कारण होऊ शकते. 'ते दुःख खोटे आहे' असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. वाचविलेले माणूस कायमचे वाचले, हे दुसऱ्या भागातील आश्वासन वीररसाला आवश्यक असते, जगण्याला नव्हे. तिसऱ्या भागात रिप्ली कैद्यांच्या वसाहतीत एकटी उरते, प्राण्याचा गर्भ आपल्याच शरीरात आहे हे तिला कळते, आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या कंपनीच्या डोळ्यांदेखत ती भट्टीत उडी घेते. हा शेवट दुसऱ्याच्या शेवटाला खोडून काढीत नाही. त्याला प्रश्न विचारतो. आधीच्या भागाला नवा प्रश्न विचारण्याची ही शक्ती, हाच मालिकेतील भागाच्या मूल्याचा खास निकष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सदोष असूनही 'एलियन ३' या निकषावर उभा राहतो.

येथे आणखी एक अडचण निर्माण होते. 'तिसरा भाग' म्हणजे नेमकी कोणती संहिता? १९९२ मध्ये प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत प्राणी कुत्र्यातून जन्मतो आणि रिप्ली कोसळत असताना तो तिच्या छातीतून बाहेर येतो. फिंचरच्या सहभागाविना सिद्ध झालेल्या २००३ च्या विस्तारित आवृत्तीत तो बैलातून जन्मतो आणि अखेरचा स्फोट नाही. दुसऱ्या भागाचेही तसेच. रिप्लीची मुलगी म्हातारी होऊन वारल्याचे तिला कळते, हा प्रसंग १९८६ मध्ये वगळला गेला आणि पुढे विशेष आवृत्तीत परतला. तो असला तर न्यूटविषयीचे वात्सल्य हे गमावलेल्या मातृत्वाचे वात्सल्य होते. नसला तर ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेला हात एवढेच राहते.

पाठांचा असा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. वि. सी. सुकथनकरांनी घालून दिलेल्या शिस्तीनुसार शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून मूळ संहिता निश्चित केली गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा, जो लोकमानसात त्या प्रसंगाचा प्राण आहे, तो संहितेबाहेर गेला. परंतु तो नष्ट केला गेला नाही. वगळलेले सारे पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितात आढळतात याच्या नोंदीसह छापले गेले. चिकित्सक संपादक 'मूळ कोणते' हे ठरवितो आणि चित्रपटाचा समीक्षक 'मोलाचे कोणते' हे. हा भेद मान्यच आहे. तरीही नकाराची एक नीती तेथून घेता येते. वगळावे, पण का वगळले ते लिहावे; आणि वाचकाला आपल्या निर्णयाविरुद्ध अपील करता येईल, अशा रीतीने वगळलेले हाताशी ठेवावे.

या नीतीच्या नेमका उलट न्याय खुद्द या मालिकेत कंपनीच्या रूपाने वावरतो. पहिल्या चित्रपटात रिप्लीला कळते, की प्राणी हस्तगत करणे हेच प्रथम कर्तव्य आणि खलाशी खर्ची पडले तरी चालतील, असा कंपनीचा गुप्त आदेश आहे. 'कामाजोगा' या शब्दातील 'जोगा' तो हाच. चौथ्या चित्रपटात हा न्याय टोकाला जातो. दोनशे वर्षांनी लष्करी शास्त्रज्ञ रिप्लीची प्रतिकृती घडवितात. ती आठवी असते. एका बंद दालनात तिला आपल्या आधीच्या सात फसलेल्या प्रती सापडतात. त्यांतील एक अद्याप जिवंत असते आणि मरण मागते. आठवी रडत रडत ते दालन जाळते. तिच्याबरोबरच्या एका भाडोत्री सैनिकाला ही दारूगोळ्याची नासाडी वाटते.

चित्रपट म्हणून 'रेसरेक्शन' विस्कळीत आहे. त्याचा विनोद आणि त्याची बीभत्सता एकमेकांना मारक ठरतात. तथापि, या एका प्रसंगाने तो मालिकेविषयीच बोलू लागतो. क्रमांक दिलेल्या प्रती, त्यांतील एक यशस्वी आणि बाकीच्या टाकाऊ, ही आपलीच भाषा आहे. आपणही भागांना क्रमांक देतो, त्यांतून 'जमलेला' निवडतो आणि उरलेल्यांवर ताट सरकवून उठतो. आठवी रिप्लीही फसलेल्या प्रतींचा शेवटच करते. पण त्यांच्यासमोर उभी राहून, त्यांपैकी जी बोलू शकते तिचे ऐकून. चित्रपट म्हणजे जिवंत व्यक्ती नव्हे, हे उघड आहे. परंतु नाकारण्याचे जे वळण आपण कृतींच्या बाबतीत मनाला लावतो, ते कृतींपुरतेच राहते असे मानण्यास आधार नाही.

पुढील चित्रपटांचा निर्णय या निकषावर तुलनेने सोपा होतो. 'प्रोमिथियस' (२०१२) मानवाच्या निर्मात्यांचा शोध मांडून मालिकेत अद्भुत आणतो. त्याचा प्रश्न मोठा असला तरी तो पहिल्या चित्रपटाला विचारलेला नाही. 'कव्हनंट' (२०१७) त्या प्राण्याच्या उगमामागे एका यंत्रमानवाचा हात दाखवितो आणि ज्या अज्ञातावर पहिल्याचे भय उभे होते त्याचा खुलासा करून टाकतो. 'रोम्युलस' (२०२४) कुशल आहे. खाणवसाहतीतील तरुण कामगार मुलीचे कामाचे तास पुरे होताच कंपनी तिचा कोटाच वाढविते, हा आरंभीचा प्रसंग गोदामात राबणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला कोणत्याही राक्षसाहून अधिक जवळून कळेल. नंतर मात्र तो आधीच्या भागांचे पाठांतर म्हणून दाखवितो. २०२० मध्ये निधन पावलेल्या इयन होम या नटाचा चेहरा कुटुंबीयांच्या संमतीने संगणकाच्या साहाय्याने पुन्हा उभा करण्यापर्यंत हे पाठांतर जाते. संमती मिळाली म्हणून त्या चेहऱ्याची कलात्मक गरज सिद्ध होत नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला काय सांगावे? पहिले तीन क्रमाने पाहावेत. तिसरा आवडेल म्हणून नव्हे, तर त्याच्यावाचून दुसऱ्याचे आश्वासन तपासले जात नाही म्हणून. चौथा त्या एका दालनासाठी, सवड असल्यास पाहावा. पुढचे तूर्त बाजूला ठेवावेत, आणि ते का, हे वर सांगितले आहे. यावर असा आक्षेप संभवतो, की हे उत्तर एका विशिष्ट प्रेक्षकापुरते आहे. ते तसेच आहे. 'जोगा' हा शब्द सापेक्ष आहे; कोणाजोगा, हा प्रश्न त्याच्या पोटातच असतो. परंतु सापेक्ष म्हणजे स्वैर नव्हे. कारणे सर्वांसमोर मांडलेली आहेत आणि ती खोटी ठरविता येतात. एखाद्या रविवारी त्या विद्यार्थ्याने आपण वगळलेला भाग पाहिला आणि आपले कारण खोडून काढले, तर त्याचे दोन तास वाया गेले असे म्हणता येणार नाही. निवड करून देणाऱ्याचे काम दुसऱ्याचा न्याय आपणच करून टाकणे हे नसून, त्याला न्याय करता येईल एवढी सामग्री आणि एवढा वेळ त्याच्याजवळ शिल्लक ठेवणे हे आहे.