थोड्या दिवसांचं मूळ



झाड उभं राहतं जाड मुळांच्या आधारावर, पण त्याला पाणी आणि क्षार पुरवतात ती दोन मिलिमीटरहूनही बारीक मुळं, त्यातही त्यांची शेवटची टोकं. ही बारीक मुळं झाडाइतकी जगत नाहीत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात १२ जातींची झाडं एकाच बागेत वाढवून अभ्यासकांनी मातीत पारदर्शक नळ्या पुरल्या आणि कॅमेऱ्याने मुळांचं जगणं-मरणं टिपलं. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. एका जातीत निम्मी मुळं ९५ दिवसांत संपली होती, तर दुसरीत त्याला ३३६ दिवस लागले. भरभर वाढणाऱ्या झाडांची मुळं बहुधा लवकर गेली. ज्यांची बारीक मुळंही जरा जाडसर, त्यांची जास्त टिकली.

मग ९५ दिवसांचं मूळ कमी प्रतीचं म्हणायचं का? तसं नाही. ते उभं करायला झाडाला खर्च कमी येतो. जगतं तोवर ते पाणी ओढतं आणि मेल्यावर कुजून मातीत मिसळतं. जाडसर मूळ महागाचं, म्हणून ते जास्त दिवस टिकणं फायद्याचं. रीत वेगळी, पण झाडं दोन्ही उभी आहेत.

आपण मात्र माणसाचं मोल वर्षांवर मोजतो. आजारी आईपाशी महिनाभर रजा काढून राहिलेली लेक परत गेली, की आपण सहज म्हणतो, "चार दिवस केलं नि गेली." त्या महिन्यात सूनबाईची पाठ जरा अंथरुणाला टेकली, हे आपल्या हिशेबात येतच नाही. सूनबाईची दहा वर्षं मोठीच आहेत, पण म्हणून लेकीचा महिना खोटा ठरत नाही.

इथे कुणी विचारेल, मूळ पोसणं परवडेनासं झालं की झाड ते गळू देतं, असं अभ्यासक मानतात. मग दमलेल्या, निरुपयोगी झालेल्या माणसालाही सोडून द्यायचं का? शंका रास्त आहे. पण झाडाचा दाखला इथेच संपतो. मुळाला टाकून दिल्याचं दुःख होत नाही, माणसाला होतं.

म्हणून झाडाकडून अर्धीच गोष्ट घेऊ या: थोड्या दिवसांचं कामही पूर्ण काम असतं. काम संपलेल्या माणसाला विसरू नये, ही उरलेली अर्धी आपली आपणच सांभाळायची आहे. आपल्या घरासाठी कधीकाळी थोडे दिवस राबलेलं कुणी आठवतंय का? या आठवड्यात त्यांना एक फोन करू या. 🙏