योसेफाचीं कोठारें व बादशहाचा हुकूम

शास्त्रपाठ: उत्पत्ति ४१:४६-५७

महागाई वाढली म्हणजे "सरकारनें भाव बांधून द्यावे" असें मजूर म्हणतो, "माझ्याच मालाचा भाव कां बांधावा?" असें शेतकरी विचारतो. दोघेही आपल्या मंडळीत एकाच सतरंजीवर बसतात. उपदेशकानें कोणाची बाजू घ्यावी?

सन ३०१ मध्यें रोमी बादशहा डायोक्लेशन ह्यानें हजाराहून अधिक जिनसांचे भाव ठरविले व ते मोडणारास देहान्त शिक्षा सांगितली. त्या काळचा ख्रिस्ती पंडित लाक्टँशियस लिहितो कीं, भीतीनें बाजारांत माल दिसेनासा झाला, क्षुल्लक वस्तूंसाठीं रक्त सांडलें, महागाई अधिकच भडकली, आणि शेवटीं तो कायदा गळून पडला. (ह्याच बादशहानें ३०३ मध्यें मंडळीचा छळ मांडला, म्हणून लेखकाच्या लेखणीस धार आहे, हें ध्यानांत ठेवावें.)

योसेफानें आधीं भाव नव्हे, तर धान्य हातीं घेतलें. सुकाळाच्या सात वर्षांत तें नगरोनगरीं सांठविलें, म्हणून दुष्काळांत कोठारें उघडतां आलीं. तरी ४७ वा अध्यायही वाचा: धान्यापायीं लोकांचीं गुरें गेलीं, शेतें गेलीं, व ते फारोचे दास झाले. कोठाराची किल्ली ज्याच्या हातीं, त्याजवरही नजर पाहिजे.

आपल्या देशांत १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यानें भाव व सांठा आवरण्याचा अधिकार सरकारास दिला. परंतु गरिबाच्या चुलीस आधार झाला तो कोठारांचा. १९६५ मध्यें भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें. सरकार आधीं जाहीर केलेल्या भावानें गहूं व तांदूळ विकत घेतें, आणि तेंच धान्य रेशनच्या दुकानीं जातें. २०१३ च्या कायद्यानें अग्रक्रमाच्या कुटुंबांत माणशीं दरमहा ५ किलो हा हक्क ठरला. म्हणून माझें मत असें कीं, सरकारनें भाव आवरावा, पण कोठार भरून आवरावा, व शेतकऱ्यास योग्य मोल देऊन भरावें. रिकाम्या कोठारावर लाविलेली भावाची पाटी म्हणजे डायोक्लेशनाचाच हुकूम.

आतां आमोसाचा ८ वा अध्याय पाहा. माप लहान करून भुसा विकणारे ते लोक शब्बाथ कधीं संपेल ह्याची वाट पाहत होते. म्हणजे ते शब्बाथ पाळीत होते! शेतकऱ्यानें चार पोतीं बऱ्या भावासाठीं राखणें हें पाप, असें मी म्हणत नाहीं. शेजारणीचीं लेंकरें उपाशी असतां तिला "घरांत दाणा नाहीं" म्हणणें हें मात्र पाप आहे. आणि रेशनच्या तराजूपाशीं आपल्यांतला कोणी बसत असेल, तर विधवेच्या पिशवींत पांच किलो पडले कीं साडेचार, हें त्यानें आधीं पाहावें, व मग रविवारीं उपासनेस यावें.