गरज सरल्यावर

आल्प्समध्ये लोक स्कीच्या तळाला 'कातडी' चिकटवून बर्फाचा डोंगर चढतात. पूर्वी ती सीलची असे, हल्ली मोहेरची नाहीतर नायलॉनची. लव एकाच दिशेला झुकलेली. पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. (आमच्या बढतीचं नेमकं उलटं.) माथा आला की ती सोलायची आणि सुसाट खाली! गरज सरो, वैद्य मरो. पण हा वैद्य उद्या पुन्हा लागणार. म्हणून ओली कातडी रात्री वाळत घालतात, शेगडीपासून लांब, नाहीतर गोंद बिघडतो. हंगाम संपला की गोंदावर जाळी लावून थंड, कोरड्या जागी. मग ही कृतज्ञता म्हणायची, की मुदत ठेव? आमच्या निवृत्त हेडक्लार्कना विचारलं. म्हणाले, "अरे, हिशेबानं का होईना, वाळत घालतात ना? वाळीत तर टाकत नाहीत!"