सांगून सोडलेला हात

मुलगी सात वर्षांची असताना तिला सायकल शिकवत होतो. मी कॅरियर धरून मागे धावतोय आणि ती सारखी विचारतेय, "बाबा, धरलंयस ना?" "धरलंय, धरलंय," म्हणत मी हात काढून घेतला. पंधरा-वीस पावलांचं अंतर ती एकटी गेली. मग माझा आवाज लांबून येतोय हे तिच्या लक्षात आलं. तिनं मागे वळून पाहिलं आणि पडली. गुडघा खरचटला, पण ती रडली ते गुडघ्यासाठी नाही. "तू खोटं बोललास," एवढंच म्हणाली आणि सायकल तिथंच टाकून घरी गेली.

मला तेव्हा हसू आलं. मी असाच शिकलो होतो, माझे वडीलही. या खोट्याला आपण खोटं म्हणतच नाही. तरीही तिचं वाक्य डोक्यातून जाईना. नव्या गोष्टीची भीती घालवण्यासाठी मुलांशी खोटं बोलावं का?

बोलावं म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते. मागून घट्ट धरलेली सायकल कलतच नाही, त्यामुळे सावरायचं कसं हे अंगात भिनत नाही. हात सुटायलाच हवा. शूर कृत्यं करत करतच माणूस शूर होतो, असं अ‍ॅरिस्टॉटलनं सांगून ठेवलं आहे. आधी आत्मविश्वास येऊ दे, मग सुरुवात करू, असं म्हणणारा पालक थांबूनच राहतो आणि मूलही.

पण हात सुटायला हवा याचा अर्थ तो लपून सुटायला हवा असा होत नाही. माझी चूक इथे झाली. त्या संध्याकाळी मुलगी दोन गोष्टी शिकली. आपण थोडं अंतर एकटीनं जाऊ शकतो, ही एक. बाबा 'धरलंय' म्हणतो तेव्हा त्यानं धरलेलं असेलच असं नाही, ही दुसरी. पहिली फक्त सायकलपुरती होती. दुसरी मात्र पुढच्या प्रत्येक नव्या गोष्टीला लागू होणार होती: पोहण्याच्या तलावाला, नव्या शाळेला, स्टेजवरच्या पहिल्या भाषणाला.

"तुला नक्की जमेल" हे वाक्यही त्याच जातीचं. जमेल की नाही हे आपल्यालाही ठाऊक नसतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये अशा विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि धडधड किंवा थरथर यांसारखी शरीराची अवस्था. त्यांत सर्वांत बळकट पहिला. नुसत्या शब्दांचा धीर त्यामानानं कच्चा, पहिल्या अपयशात विरून जाणारा. आणि तो विरला की देणाऱ्याच्या शब्दाची पतही घटते.

लहानपणी आम्ही विहिरीत पोहायला शिकलो. काका आमच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे आणि स्वतः आधी पाण्यात उतरायचे. "नाकात पाणी जाईल, ठसका लागेल. मी इथे आहे," म्हणायचे. "जमेल" असं ते कधी म्हणाले नाहीत. भोपळा कोणत्या दिवशी सुटणार हेही आधी सांगायचे. त्या दिवसाच्या आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. पण काठावर उभा राहिलो तेव्हा काकांच्या शब्दाची शंका मनात नव्हती, शंका होती ती फक्त पाण्याची. दोन भीतींपैकी एक त्यांनी काढून घेतली होती. मोठ्या माणसाला खरं तर एवढंच करता येतं.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसलं तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अक्षरं नवी होती, पण पायाखालची जमीन ओळखीची होती. मुलाला नव्याकडे न्यायचं तर सगळंच एकदम परकं करून चालत नाही. आणि निदान सोबतच्या माणसाचा शब्द तरी ओळखीचा, खात्रीचा असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलीची माफी मागितली. तिनं अट घातली, "मी सोड म्हणेन तेव्हाच सोडायचं. आणि सोडलं की सोडलं म्हणायचं." काही मुलं स्वतःहून कधीच 'सोड' म्हणत नाहीत. तिथे काकांसारखा दिवस मोठ्यांनीच ठरवावा, पण सांगून. माझी मुलगी तीन संध्याकाळी काही बोलली नाही. मी कॅरियर सैल धरायला शिकलो. पाठ भरून आली, अंधार पडायचा, आणि एका खोट्यानं हे सगळं वाचलं असतं हेही कळत होतं.

चौथ्या संध्याकाळी ती म्हणाली, "सोड."

"सोडलं," मी म्हणालो.

सायकल डगमगली, पुन्हा सरळ झाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.